पांढऱ्या अक्षरांना रंग लावू नका, बाबा

सिएटल, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याच्या पूजेचा फोटो मिळाला. झेंडूचा हार, बॉनेटवरचं स्वस्तिक, चाकाखालचं लिंबू, सगळं डोळे भरून पाहिलं. आईची नवी साडीही पाहिली. पण नजर अडकली ती दादाच्या थारच्या टायरवर. सवय तुमचीच लागलेली. मार्चमध्ये बसवले तेव्हा त्यांवरची कंपनीच्या नावाची अक्षरं दुधासारखी पांढरी होती, आता पार चहा सांडल्यासारखी दिसतात. आणि फोटोखाली तुमचा निरोप: "रॉकेलनं पुसून काढतो अन् वरून पांढरा ऑइलपेंट मारून देतो, तासाभराचं काम."

म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. फोनवर तुम्ही अर्ध्यातच "हो हो, समजलं" म्हणून आईकडे फोन देता. बाबा, रॉकेल लावू नका, आणि रंग तर मुळीच लावू नका.

वाडीच्या दुकानात तुमच्या हाताखालून किती टायर गेले याचा हिशेब नाही, पण ते सगळे ट्रकचे, काळेकुट्ट. पांढऱ्या अक्षरांचं प्रकरण वेगळं आहे. ती अक्षरं रंगवलेली नसतातच. टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये, त्या जागी पांढऱ्या रबराचा थर असतो आणि त्यावर काळ्या रबराची पातळ साय. टायर साच्यातून निघाला की उठावाच्या अक्षरांवरची ती साय कारखान्यात घासून काढतात, मग खालचं पांढरं उघडं पडतं. रिमोल्डिंगच्या, म्हणजे नवं रबर चढवायच्या, आधी तुम्ही जुना टायर घासायला, बफिंगला लावायचात आणि दुकानभर काळा भुगा उडायचा, तसंच हे काम, फक्त फार हलक्या हातानं केलेलं. तेव्हा दादाच्या टायरचं पांढरं कुठे गेलेलं नाही, ते आत शाबूत आहे. रंग माराल तर तो त्या रबराबरोबर वाकणार नाही. पहिल्याच खडकाळ रस्त्यावर पापुद्रे निघतील, आणि मग तो रंग काढायला पुन्हा थिनर.

आता तो चहासारखा रंग. ती नुसती धूळ नाही. हवेतला ओझोन रबराला तडे पाडतो, म्हणून टायरच्या मिश्रणात सिक्स-पीपीडी नावाचं एक रसायन घालतात. ते हळूहळू आतून वर येतं आणि रबराच्या आधी स्वतः ओझोनशी भिडतं. भिडून झालं की तपकिरी पडतं. काळ्या रबरावर ते नुसतं मळकट दिसतं, पांढऱ्यावर मात्र उठून दिसतं. आपल्याकडचं मे महिन्याचं ४५ अंशांवरचं ऊन, त्यात गाडी अंगणात उघडी. मग ते भराभर वर येणारच. बाबा, ते टायरचं औषध आहे. वर आलेलं धुवायचं, पण आतलं खेचून काढायचं नाही. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, थिनर नेमकं हेच करतात. रबर फुगवतात आणि आतलं औषध ओढून नेतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. इथे जुनी टॅकोमा पिकअप गाडी घेतली तेव्हा तिच्या टायरची अक्षरं अशीच तपकिरी होती. मला तुमचं दुकान आठवलं, पेट्रोलमध्ये बुडवलेला फडका आठवला. तसाच फडका घेतला आणि दोन टायर जोर लावून पुसले. फडका काळा झाला, तेवढ्यानं बरं वाटलं. पण शेजारचं काळं रबर सैल होऊन पांढऱ्यावर फासलं गेलं आणि अक्षरं तपकिरीची राखाडी झाली. हात लावला तर चिकट. नंतर बारीक पॉलिश पेपरनं पाणी टाकत टाकत घासली तेव्हा कुठे जरा उजळली, पण उरलेल्या दोन टायरांसारखी पुन्हा झाली नाहीत. गाडीभोवती फिरलं की अजून फरक दिसतो आणि अजून वाईट वाटतं.

उरलेले दोन जसे धुतले तसं सांगते. सकाळी सहाला करा, टायर हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या टायरवर साबण लगेच वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. आधी नुसत्या पाण्यानं माती काढा, नाहीतर वाळूचे कण ब्रशखाली येऊन ओरखडे पडतात. मग गाडी धुवायचं साधं क्लीनर पाण्यात पातळ करून लावा, मिनिटभर थांबा आणि कडक नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको. एका वेळी एकच टायर घ्या.

मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका ओ अक्षरावर. फेस आधी पांढरा होता, मग हलका पिवळा, चार-पाच वेळा ब्रश गोल फिरवला तर चक्क गुळाच्या चहासारखा. मग्यानं पाणी ओतलं, तो ओघळ साइडवॉलवरून खाली गेला, आणि ओच्या पोटातली काळी गोल जागा आणि भोवतालचं पांढरं कडं अगदी रेघ मारल्यासारखं वेगळं झालं. कोपऱ्यात राहिलेलं दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढलं. दुसऱ्या खेपेला फेस पांढराच राहिला की समजायचं, झालं. तरीही एखादं अक्षर हट्टानं पिवळं राहिलं तर साबण भरलेली बारीक तारेची घासणी मिळते, ती फक्त अक्षराच्या माथ्यावर, हलक्या हातानं आणि वर्षातून एखाद्याच वेळी. त्यानं पांढऱ्या रबराचाच अंश निघतो, आणि तो थर काही जाड नसतो. ब्लीच नको, रबर कोरडं पडतं.

धुऊन झाल्यावर दादा ते चकचकीत टायर पॉलिश मारेल, त्याला आवरा. तेलकट सिलिकॉनच्या पॉलिशवर आपल्या रस्त्यांची धूळ अशी बसते की आठ दिवसांत पुन्हा तेच. लावायचंच असेल तर तेलाऐवजी पाण्यात बनवलेलं, दुधासारखं पातळ मिळतं ते फक्त काळ्या भागावर लावा आणि अक्षरांवरून कोरडा फडका फिरवा.

आणखी एक गोष्ट, जी मला इथे येऊनच कळली आणि मनातून जात नाही. सिएटलच्या ओढ्यांमध्ये शरद ऋतूत समुद्रातून कोहो जातीचे सामन मासे अंडी घालायला वर येतात. पहिला पाऊस पडला की त्यातले कितीतरी अंडी घालायच्या आतच तडफडून मरायचे. कितीतरी वर्षं कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते छापलं: टायरमधल्या त्याच सिक्स-पीपीडीचं ओझोनशी भिडून जे बनतं ते. टायर झिजतात, भुगा रस्त्यावर पडतो, पाऊस तो ओढ्यात नेतो. तेच पाणी मातीच्या आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं तर मासे जगतात, हेही इथेच तपासून पाहिलं आहे. म्हणून मी गाडी गवतावर घेते आणि तिथेच धुते. रस्त्याकडेच्या जाळीतून गेलेलं पाणी इथे बऱ्याच ठिकाणी न गाळता थेट ओढ्याला मिळतं. आपल्या घरापुढची नाली शेवटी नाग नदीलाच जाते ना? तुम्हीही थार पेरूच्या झाडाजवळच्या मातीवर घ्या. आळ्यात मात्र ते पाणी सोडू नका, पेरू आपण खातो.

बाबा, दुकानात मी स्टुलावर बसून वही काढायची आणि तुम्ही मला टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचायला लावायचात. २३०४ म्हणजे २००४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. माझ्या वर्गात कुणालाच ते येत नव्हतं याचा मला केवढा अभिमान वाटायचा. दुकान बंद करून घरी आलात की लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन हात चोळत बसायचात, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या, आणि आई त्याच हातांना पोळीचा पहिला घास द्यायची. परवा अक्षरं घासताना माझ्या नखांच्या कडा तशाच काळ्या झाल्या होत्या. फोटो काढून ठेवला आहे, दाखवीन.

दादाच्या चारही टायरचे ते चार आकडे मला कळवा. स्टेपनीचेही. स्टेपनीची अक्षरं अजून पांढरी असतील तर तिला झाकण घाला, आणि सुटे टायर एकमेकांवर रचायची वेळ आली तर पांढरी बाजू पांढऱ्या बाजूलाच लावा, काळ्या रबराचा डाग लागतो. नवीन टायरच्या अक्षरांवर निळा लेप असतो तो त्याचसाठी. दादाच्या टायरवर कुठे कोपऱ्यात तो निळा उरला असेल तर कोमट पाण्यानं निघून जाईल.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर ते या वेळी लपवू नका. दिवाळीच्या पार्सलमध्ये दोन नायलॉनचे ब्रश टाकले आहेत, मोठा टायरला आणि छोटा अक्षरांच्या कोपऱ्यांना. ते पोचेपर्यंत पेंटचा डबा उघडू नका.

तुमची लेक