‘शेवटी लावायला पाच-सहा नावं द्या’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या वर्षाची मुले एआयकडून प्रकल्प लिहून घेतात, अशी तक्रार करणारी पत्रे आपल्याकडे छापून येत आहेत. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे हा प्रकार मला काउंटरच्या आतून दिसतो. प्रकल्प जमा करायच्या आदल्या दिवशी मुले येतात. ‘मॅडम, प्रोजेक्ट झालाय. फक्त शेवटी लावायला पाच-सहा पुस्तकांची नावं द्या ना.’ चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आले. हे वाक्य मी त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकते आहे.

एआयने भर घातली ती एवढीच. पूर्वी मुले न वाचलेल्या पुस्तकांची नावे मागत, आता अस्तित्वातच नसलेल्या लेखांची यादी घेऊन येतात. लेखक खरा, नियतकालिक खरे, खंड-अंकही पटण्याजोगा. लेख मात्र कोणी कधी लिहिलेलाच नाही. सोबत डीओआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला मिनिटही लागत नाही. पण तपासायचे असते, हेच मुलांना कोणी सांगितलेले नसते.

मला विचाराल तर मुळात आपण काम चुकीचे देतो. ‘प्रदूषण’ किंवा ‘समाजमाध्यमे आणि युवक’ हा विषय झाला, त्यात प्रश्न कुठे आहे? विषयावर माहिती गोळा करता येते, आणि ती कुठूनही उचलली तरी सारखीच दिसते. समाजमाध्यमांवर पुस्तक मागायला आलेल्या एका मुलीला मी विचारले, तुला यातले काय खटकते? म्हणाली, ‘फोनमुळे झोप उडते असं सगळे म्हणतात. पण माझी मैत्रीण झोप येत नाही म्हणूनच फोन हातात घेते.’ हा प्रश्न! यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवायला कुणाची आणि किती काळ पाहणी करावी लागेल, इथपर्यंत ती त्याच दुपारी पोचली. प्रकल्प मात्र तिने ठरलेल्या मथळ्याखालीच लिहिला. पाने भरायची होती ना.

त्यापेक्षा पहिल्या वर्षाला प्रत्येकी एकच विधान द्यावे आणि ते आले कुठून, हे शोधायला लावावे. पालकाच्या भाजीचेच घ्या. एका जर्मन शास्त्रज्ञाचे दशांशचिन्ह चुकले, लोहाचा आकडा दहापट झाला आणि पालकाचा बोलबाला झाला, ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. ब्रिटिश डॉक्टर टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ती १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सांगितली, तीही आधार न देता. पुढे जो तो त्यांचा हवाला देत गेला. २०१० मध्ये गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी माग काढला, तर दशांशचिन्हाच्या त्या चुकीचा पुरावाच सापडेना. नॉर्वेचे संशोधक ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी २०१४ मध्ये याच प्रकरणावरून दाखवले की मूळ न उघडता दुसऱ्याचा संदर्भ उचलायची सवय विद्वानांनाही आहे. निष्काळजीपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाणारी गोष्ट स्वतःच निष्काळजीपणे पसरली होती!

असे एक प्रकरण मुलाने स्वतः उलगडले, की पान क्रमांक का टिपायचा, दुसऱ्याचे म्हणणे कुठे संपते आणि आपले कुठे सुरू होते, हे फळ्यावर फारसे शिकवावे लागत नाही. या कामात विकिपीडियाला बंदी घालणारे शिक्षकही मला पटत नाहीत. वाचू द्या की, फक्त तळाच्या संदर्भांपर्यंत जायला सांगा. आणि मागे घेतलेला एखादा शोधनिबंध मुलांना जरूर दाखवा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडू पाहणारा, अवघ्या १२ मुलांवर बेतलेला लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. तो आजही वाचायला मिळतो, पानांवर तशी ठळक खूण असते. मोठ्या नियतकालिकात छापून आले म्हणजे झाले, हा समज तिथे सुटतो.

नक्कल पकडायला वापरतात त्या सॉफ्टवेअरच्या साम्याच्या टक्केवारीविषयी थोडेच लिहिते. सॉफ्टवेअर जुळणारा मजकूर मोजते. योग्य अवतरणही त्यात धरले जाऊ शकते आणि शब्द फिरवून चोरलेली कल्पना सुटून जाऊ शकते. मुलांना हे शिक्षकांपेक्षा चांगले ठाऊक आहे.

गुण तयार प्रकल्पाला न देता सुरुवातीचा प्रश्न, टिपणवही आणि खोडाखोड केलेला कच्चा मसुदा यांना वाटून द्यावेत. एवढे तपासायला शिक्षकांना वेळ कुठून मिळणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पाने कमी करा म्हणते. दोन पानांचे काम तीनदा बघणे जमते, वीस पानांचे एकदाही नीट होत नाही.

शेवटी एक मागणे आपल्याकडेच. ‘एका संशोधनानुसार’ अशी सुरुवात असलेली कात्रणे मुले माझ्याकडे आणतात आणि मूळ लेख मागतात. बातमीत संशोधकाचे नाव नसते, नियतकालिकाचे नसते, वर्षही नसते. मग शोधायचे कसे? एवढ्या तीन गोष्टी बातमीखाली एका ओळीत छापता येतील का, हे कृपया पाहावे.

आपली,
एक ग्रंथपाल