बसलेल्या मागच्या स्प्रिंगांसाठी मेस्त्री मामांना आभारपत्र

आदरणीय मेस्त्री मामा,
सप्रेम नमस्कार.

उद्यमबागेतल्या तुमच्या शेडमध्ये आमच्या लोअर केलेल्या स्विफ्टच्या बसलेल्या मागच्या स्प्रिंगा बदलायचं काम झालं, त्याचे पैसे तुम्ही घेतलेत. पण ते काम करताना जे शिकवलंत त्याचे आभार राहिले होते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खाली केलेल्या गाड्या वापरणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

पहिले आभार मोजायची टेप बाहेर काढल्याबद्दल. गाडी मागून बसली की बहुतेक जण थेट शॉकअप बदलायला सांगतात. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, तो फक्त झोका मोडतो. उंची स्प्रिंगच धरते. तुम्ही सपाट फरशीवर, टायरची हवा सारखी करून, डिक्की रिकामी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत माप घेतलंत. डावीकडे 338 मिलिमीटर, उजवीकडे 324. ड्रायव्हर एकटाच बसणाऱ्या गाडीची उजवी बाजू जास्त दबते, हे कारणही तिथंच सांगितलंत. 14 मिलिमीटरचा फरक आणि बफरवर (स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का झेलणाऱ्या रबरावर) घासल्याचे ताजे डाग बघितल्यावर निदानाला दुसरं काही लागलंच नाही.

दुसरे आभार तीन स्वस्त उपाय नाकारल्याबद्दल. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे तुकडे अडकवले की गाडी उचललेली दिसते, पण तो वेढा काम करायचा थांबतो, धक्के वाढतात, आणि रबराखाली लाल माती नि पाणी साचून रंग सोलतो. तिथं गंज धरतो आणि तडा त्याच जागी सुरू होतो. गॅसच्या ज्योतीने तापवून ताणलेल्या स्प्रिंगेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, ती महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसते. आणि कापणं तर नकोच. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग सुमारे 20 टक्के कडक होते, शिवाय रबरात नीट बसणारं टोकच निघून जातं. मग जांबोटीच्या वाटेवर चाक खड्ड्यात लोंबलं की मोकळी झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. नवीन जोडी घेताना हेच तपासायला लावलंत: बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) पूर्ण खाली लोंबत असतानाही स्प्रिंग दाबलेलीच राहिली पाहिजे.

तारेची जाडी मोजायला व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) लावायची तुमची सवय आम्ही कायमची उचलली. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. बाकी मापं तीच ठेवून 12 मिलिमीटरच्या जागी 11.5 ची तार आली तर स्प्रिंग साधारण 16 टक्के मऊ पडते. नकली जोडी इथंच पकडली जाते. रंगाचा थर धरून माप घेऊ नये, हेही तुमचंच.

आता काम. पुढच्या दोन्ही चाकांना दगड, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, कारण तो मागच्याच चाकांना लागतो आणि बीम उतरताना त्याची केबल मोकळी हवी. बॉडीखाली ठरलेल्या जागी दोन घोड्या, म्हणजे आधाराचे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरायचं नाही. मग बीमखाली जॅकचा आधार देऊन दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे. आधाराशिवाय बोल्ट काढला तर बीम धाडकन खाली येतो. ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) आणि वायर क्लिपांतून सोडवून जॅक हळूहळू उतरवायचा, होज ताणला की थांबायचं. या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्याने स्प्रिंग हातानेच बाहेर येते, दाबायचं यंत्र लागत नाही.

वरचं-खालचं रबर दोन्ही बाजूंना नवीन टाकलंत, स्प्रिंग जिच्यात बसते ती खालची बशी ब्रशने घासून कोरडी केलीत. स्प्रिंगेचं टोक बशीतल्या अडणीला टेकलेलं हवं, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला ती फिरून टक आवाज येतो.

सगळ्यात मोलाची गोष्ट बोल्ट आवळण्याची. चाकं लटकत असताना शॉकअपचे बोल्ट नुसते हाताने लावलेत. गाडी जमिनीवर आणून, दोनदा-तीनदा दाबून स्थिर केल्यावरच टॉर्क पान्ह्याने कंपनीच्या मापाला आवळलेत. लटकत्या स्थितीत आवळलं तर बुशाचं (बोल्टाभोवतीच्या रबरी नळकांड्याचं) रबर कायम पिळलेलं राहतं, माप चुकीचं येतं आणि बूश लवकर फाटतं. हा मुद्दा घाईत हमखास सुटतो, म्हणून इथं मुद्दाम लिहितोय.

बसवल्यावर 346 आणि 344 आले. 300 किलोमीटरनंतर 342 आणि 341. नवीन स्प्रिंग थोडी बसते, तेवढं आधीच सांगितलं होतंत, त्यामुळे घाबरलो नाही. मागची बाजू उचलल्याने हेडलाइटचा झोत खाली आला, तोही भिंतीवर रेघ मारून लावून दिलात. बसलेल्या गाडीचा झोत वर जातो, आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर समोरच्याला काही दिसत नाही. पुढचं टो-इन (पुढच्या चाकांचा आत वळलेला कल) तपासायची चिठ्ठीही दिलीत.

पाऊस सुरू व्हायच्या आधी पुन्हा टेप लावायला येतोय, खालच्या बशीतली माती तेव्हाच धुऊन घेऊ.

तुमचे ऋणी,
शहापूर-वडगावची पोरं