हाताला लागलेले आणि टेबलावर दिसलेले

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रुग्णाच्या पोटाला हात लावण्याआधीच सोनोग्राफीचा किंवा सीटीचा अहवाल फाइलला लागलेला असतो, मग हाताने पोट तपासून आजार ओळखण्याची ही जुनी चिन्हे आता केवळ परीक्षेपुरतीच उरली आहेत काय, असे तू विचारले आहेस. मी डॉक्टर नाही. परंतु माझी सारी नोकरी सोलापुरात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून झाली, आणि भूल देण्यापूर्वी सर्जन काय म्हणाले व पोट उघडल्यावर काय निघाले, या दोन्ही गोष्टी ट्रॉलीपाशी उभे राहून ऐकण्या-पाहण्याची सोय आम्हाला सर्वांत अधिक असते. तेवढ्या अधिकारात सांगते की, अहवाल वाचण्यापूर्वी आपल्या हाताला काय लागले ते वेळेसह लिहून ठेवावे आणि ऑपरेशनच्या टेबलावर जे दिसेल ते त्याच्याच शेजारी लिहावे. अहवाल आधी वाचला की हाताला तेच लागू लागते, हे मी चांगल्या चांगल्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

चिन्हाला कोणाचे नाव आहे यापेक्षा ते का उमटते, याकडे लक्ष दे. अपेंडिक्सचे दुखणे आधी बेंबीभोवती येते, कारण तिथल्या आतड्याच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचतात, त्याच पातळीवर बेंबीच्या त्वचेच्याही पोहोचतात. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली म्हणजे दुखणे उजवीकडे खाली येऊन ठरते. न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये दाखवलेली, दाबल्यावर सर्वांत जास्त दुखणारी जागा आणि डेन्मार्कच्या रॉव्हसिंग यांनी १९०७ मध्ये सांगितलेले, डाव्या बाजूला दाबल्यावर उजवीकडे दुखण्याचे लक्षण, या दोन्हींच्या मुळाशी हे चिडलेले अस्तरच आहे. म्हणूनच अपेंडिक्स सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, मागे दडलेले असेल तर पुढून पोट बऱ्यापैकी मऊ लागते, आणि रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून उजवी मांडी मागे ताणली तरच तो कळवळतो. ते खाली श्रोणीत, म्हणजे कमरेच्या हाडांमधल्या पोकळीत, उतरलेले असेल तर गुदमार्गाच्या तपासणीवाचून पत्ता लागत नाही. एक चिन्ह मिळाले नाही म्हणून आजार नाही, असे लिहिण्यापूर्वी ते चिन्ह कोणत्या स्थितीत मिळणारच नाही, हे स्वतःला विचारावे. म्हाताऱ्या माणसात किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यात आतडे फुटूनही पोट फळीसारखे कडक होत नाही. उलट, वेदनाशामक दिले तर चिन्हे झाकली जातील म्हणून रुग्णाला तळमळत ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, आणि ते बरेच झाले.

हात ऊबदार असावा, दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करावी आणि डोळे पोटावर न ठेवता रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावेत. हात दाबून झटक्याने सोडण्यापेक्षा रुग्णाला खोकायला सांगावे. माहिती तीच मिळते आणि छळ कमी होतो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या मागावरच्या कामगाराला किंवा विड्या वळणाऱ्या बाईला ‘नोप्पी एक्कड?’ (कुठे दुखते?) असे तेलुगूतून विचारले की ती बोटाने नेमकी जागा दाखवते, हे तू लहानपणापासून ऐकत आला आहेस. तिकडे ज्या भाषेतले रुग्ण येतात त्या भाषेत एवढे एक वाक्य तरी शीक.

भूल चढल्यावर, कापड अंथरण्यापूर्वी, पोटावर पुन्हा एकदा हात फिरवणारे सर्जन मला विशेष आवडत. जागेपणी स्नायूंनी आवळून धरलेल्या पोटात जो गोळा लागलेला नसतो, तो स्नायू सैल पडल्यावर स्पष्ट हाताला येतो, आणि छेद कुठे घ्यायचा हा विचारच त्यामुळे बदलू शकतो.

शस्त्रक्रियेआधी पोटाला जंतुनाशक लावताना, म्हणजे आमच्या भाषेत पोट रंगवताना, लक्षात येणाऱ्या गोष्टींवरून एक हकीकत सांगते. अमेरिकेत रॉचेस्टर येथील सेंट मेरीज रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ या सर्जन विल्यम मेयो यांच्या सहायक होत्या. मूळ नाव ज्यूलिया डेम्प्सी, जन्म १८५६ चा. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचा स्वच्छ करताना काही रुग्णांच्या बेंबीत टणक गाठ हाताला लागते, आणि अशांच्या पोटात बहुधा पसरलेला कर्करोग निघतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मेयो यांनी १९२८ मध्ये त्याविषयी लिहिले आणि इंग्रज सर्जन हॅमिल्टन बेली यांनी १९४९ मध्ये त्या गाठीला या सिस्टरांचेच नाव दिले. तेव्हा पोट रंगवणारी सिस्टर काही म्हणाली, तर ते ऐकून घेत जा. यात माझा पक्षपात आहे, हे मान्य.

सर्वांत जास्त हळहळ वाटायला लावणारी गोष्ट मात्र नावाजलेल्या चिन्हांपैकी नव्हे. नऊवारी नेसलेली साठीपुढची बाई उलट्या आणि फुगलेले पोट घेऊन येते, पोट तपासले जाते, एक्स-रेमध्ये आतडे अडल्याचे दिसते, पण लुगड्याच्या कासोट्याखाली जांघेत सुपारीएवढी गाठ आहे, हे कोणी पाहिलेलेच नसते. हा फेमोरल हर्निया, म्हणजे मांडीच्या वरच्या टोकाशी आतडे बाहेर येऊन झालेला फुगवटा, स्त्रियांत अधिक आढळतो, जांघेजवळच्या प्यूबिक हाडाच्या उंचवट्याच्या खाली व बाहेरच्या बाजूला असतो, अरुंद वाटेमुळे तो लवकर आवळला जातो, आणि गाठ इतकी लहान असते की तिलाही ती कधी दुखलेली नसते. लाजेने ती सांगत नाही आणि संकोचाने डॉक्टर विचारत नाही. पडदा ओढावा, सिस्टरला सोबत बोलवावे, ‘आजी, एवढे एकदा पाहू द्या’ म्हणावे आणि दोन्ही जांघा उघड्या करून पाहाव्यात. पोटदुखीच्या मुलग्यांत वृषण पाहिल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे समजू नये, कारण पीळ पडला असेल तर हाताशी जेमतेम सहा तास असतात.

पोट उघडल्यावरही घाई करू नये. आधी वास घ्यावा, द्रव पाहावा: पित्ताच्या रंगाचे पाणी आणि वायू निघाला तर जठराचे किंवा ड्युओडेनमचे (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे) छिद्र, चरबीवर साबणासारखे पांढरे ठिपके दिसले तर स्वादुपिंड, दुर्गंधीचा पू असेल तर खालचे आतडे. ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर लोंबणारा चरबीचा पडदा, जिकडे सरकून चिकटलेले असेल तिकडे आजार असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे उजव्या ओटीपोटातला प्रत्येक गोळा अपेंडिक्सचाच नसतो; वर ओढले गेलेले सीकम, आखडलेले आतडे, मोठ्या गाठी आणि अस्तरावर पसरलेले पांढरट दाणे दिसले की क्षयाचा विचार करून तुकडा तपासणीला पाठवावाच लागतो. काळपट पडलेल्या आतड्याच्या बाबतीत तर सिस्टर गरम सलाइनमध्ये भिजवलेले कापडी मॉप देते, भूलतज्ज्ञ प्राणवायू वाढवतात, आणि सर्वांना काही मिनिटे नुसते थांबावे लागते. रंग परतला, चकाकी आली, आतडे सरकू लागले, मेसेंटरीतली, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातली, धमनी उडताना दिसली तर ते ठेवायचे. नाही तर कापायचे. तरुण सर्जनांना ही मिनिटे फार जड जातात.

अपेंडिक्स निरोगी निघाले तर नोटमध्ये ‘नॉर्मल’ एवढेच लिहून पोट बंद करू नये. सीकमपासून मागे किमान दोन फूट लहान आतडे पाहून मेकेलचा डायव्हर्टिक्युलम, म्हणजे आतड्याला जन्मतःच राहिलेली पिशवी, आहे का, मेसेंटरीत गाठी आहेत का, स्त्री असेल तर नळ्या आणि बीजकोश कसे आहेत, हे पाहावे आणि जे पाहिले, जे पाहता आले नाही, ते दोन्ही लिहावे. तुझ्या पहिल्या तपासणीची ओळ त्याच नोटच्या वर उतरवून ठेव.

जेवणाची आबाळ करू नकोस. शेंगाचटणी पाठवली आहे.

तुझी,
आई