एक बी, चार साधनं

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

चौथीच्या वर्गासाठी विषयागणिक वेगळं अ‍ॅप शोधत बसू नकोस. नवं अ‍ॅप आलं की अर्धा तास "बाई, माझं उघडतच नाही" यातच जातो. कॅमेरा, आवाजाचा रेकॉर्डर, स्प्रेडशीट आणि स्क्रॅच (सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं साधन) एवढ्यांवर मुलांचा हात बसू दे. सगळ्या विषयांना ती पुरतात.

सुरुवात घेवड्याच्या बीपासून कर. बी रात्रभर भिजव. सरळ कडांच्या काचेच्या ग्लासात आतून टिपकागद लाव, बी कागद आणि काच यांच्या मध्ये सरकव आणि तळाशी दोन सेंटिमीटर पाणी ठेव. कागद पाणी वर ओढून घेतो. बी पाण्यात बुडालं तर कुजतं. समोर स्टँडवर जुना मोबाइल, चार्जरला जोडलेला. दर तीस मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला ४८, सात दिवसांत ३३६. सेकंदाला १२ फोटो या वेगाने लावले की २८ सेकंदांची फिल्म. हा हिशेब मुलांनाच करू दे, वर्गातला भागाकारच आहे तो.

बिघडतं ते उजेडामुळे. दिवस-रात्रीच्या फरकाने फिल्म लुकलुकते, म्हणून खिडकीपासून दूर, एक दिवा सतत चालू ठेव आणि फोकस व एक्स्पोजर (फोटोतला उजेड) दोन्ही लॉक कर. ग्लासभोवती टेबलावर खडूने गोल आखून ठेव. पाणी घालताना तो हलतोच.

मोजपट्टी काचेच्या बाहेरच्या बाजूला, बीच्या अगदी शेजारी चिकटव. ग्लासच्या मागे ठेवलीस तर लांब असल्याने ती लहान दिसते आणि मूळ आहे त्यापेक्षा जास्त भरतं. मापं रोज स्प्रेडशीटमध्ये. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलं रकान्यात "२.५ सेमी" लिहितात. मग तो आकडा न राहता मजकूर होतो आणि आलेख रिकामा येतो. एकक फक्त वरच्या मथळ्यात. मुलांना रंगीत वर्तुळालेखच हवा असतो. वाढ कशी झाली ते रेषालेखात दिसतं, हे दोन्ही काढून त्यांनाच ठरवू दे.

मराठीच्या तासाला त्याच २८ सेकंदांचं निवेदन. मोठ्याने वाचून वेळ लावली की वाक्यं छाटावीच लागतात. संपादन शिकवायचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. रेकॉर्ड करताना पंखा बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर.

गणितासाठी स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं हे साधन आठ वर्षांपुढच्यांसाठी आहे. पहिली-दुसरीला स्क्रॅच ज्युनिअर दे, त्यात वाचायची गरज जवळजवळ नसते. 'पेन' हे एक्स्टेन्शन आधी जोडून घे, नाहीतर रेघच उमटत नाही. समभुज त्रिकोण काढायला सांग. बहुतेक मुलं पात्राला (पडद्यावर रेघ काढत चालणाऱ्या चित्राला) ६० अंश वळवतात, कारण आतला कोन ६०. आकृती बंद होत नाही, षट्कोनाच्या तीन बाजू तेवढ्या येतात. लगेच उत्तर सांगू नकोस. मुलाला जमिनीवर आखलेल्या त्रिकोणावरून चालव, कोपऱ्यावर तो किती वळला ते बघू दे. १२० सापडलं की पुढे ३६० भागिले बाजू हा नियम मुलं स्वतः काढतात. बाजू ५० पावलांचीच ठेव: पडदा ४८० बाय ३६० पावलांचा असतो, आकृती मोठी झाली की पात्र कडेला अडकतं आणि सगळं वाकडं होतं.

अपूर्णांकांना मात्र आधी कागदाच्या घड्या, स्क्रीन नंतर.

एका यंत्राला चार मुलं पुष्कळ झाली: एक चालवणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा, एक तपासणारा. कामं रोज फिरव. नाहीतर ज्याला येतं तोच माउस धरून बसतो. आणि फाइलचं नाव पहिल्या दिवसापासून "गट-विषय-तारीख" असंच. "अनटायटल्ड" नावाच्या चाळीस फाइलींतून मूग कुठला, घेवडा कुठला हे शोधणं कुणालाच जमत नाही.

तुझी,
वैशाली