जबडा आवळला की विमान वर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या मेंदूच्या ‘व्यायामा’वरचा तुमचा परवाचा लेख वाचता वाचता चहा निवला. लेखकमहाशयांनी न्यूरोफीडबॅक आणि टीएमएस एकाच पिशवीत कोंबलेत. पहिल्यात, म्हणजे न्यूरोफीडबॅकमध्ये, डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवतात. आत काहीच सोडत नाहीत. दुसऱ्यात, म्हणजे टीएमएसमध्ये, डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकाचे ठोके देतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च २०२४ मध्ये एका टीएमएस यंत्राला १५ ते २१ वयाच्या मुलांसाठी मान्यता दिली, ती नैराश्यावर आणि तीही इतर उपचारांच्या जोडीने. लेख वाचून वाटतं, बारावीच्या टक्क्यांसाठीच दिली!

आमचा नातू अकरावीत. क्लासला जायचं म्हटलं की पोटात गोळा. कोणीतरी कर्वे रस्त्यालगतचं न्यूरोफीडबॅकचं एक केंद्र सुचवलं. ४० बैठका, ६०,००० रुपये, सगळे आगाऊ. केसांत जेल चोपडून पडद्यासमोर बसवायचे. मन शांत झालं की पडद्यावरचं विमान वर जाणार. दर आठवड्याला मेंदूचा लाल-हिरवा नकाशा छापून मिळे. हिरवं वाढलं की आमची सूनबाई पेढे आणायची बाकी!

अकराव्या बैठकीनंतर रिक्षात चिरंजीव मला हळूच म्हणाले, “आजोबा, मी नुसता जबडा आवळला तरी विमान वर जातं.” नंतर एका मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, जबड्याच्या स्नायूंची वीजही त्याच तारांत शिरते, नीट गाळली नाही तर यंत्र फसतं. पोराने यंत्राला बनवलं, केंद्राने आम्हाला. त्या तज्ज्ञांनीच पहिल्यांदा विचारलं, “रात्री झोपतोस किती वाजता? क्लासमध्ये कोण त्रास देतं का?” केंद्रात अकरा बैठकांत हे कुणाला सुचलं नव्हतं. उरलेल्या २९ बैठकांचे पैसे ‘पॅकेज आहे, परत मिळत नाहीत.’

अवधान कमी असलेल्या मुलांवर या न्यूरोफीडबॅकच्या चाचण्या झाल्यात. कोणाला खरा उपचार मिळाला हे ज्या शिक्षकांना ठाऊक नव्हतं, त्यांना फारसा फरक दिसला नाही. लेखात यावर एक ओळ नाही. त्याच पानावर तळाला मात्र अशाच केंद्राची पाव पान जाहिरात आहे. योगायोग असेल, आम्ही काय बोलावं!

ता.क. : फुटपाथवरच्या दुचाक्यांबद्दलचं माझं गेल्या महिन्यातलं पत्र तुम्ही नेमकं निम्म्यावर कापलंत. यातलं कापायचंच असेल तर पेढे कापा, जबडा राहू द्या.

एक आजोबा, कोथरूड