मंद्या, आधी तो हॉप्सचा काढा बंद कर

कोथरूड, पुणे
रविवार, दुपारी

प्रिय मंद्या,

तुझं मेलबर्नपुराण पोचलं. पत्र वाचता वाचता मी दोनदा कपाळावर हात मारून घेतला. अरे, घरी बिअर करायच्या किटसाठी 50 ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी ती वेलीवरची फुलं, आणि तीही गॅलक्सी जातीची, तासभर उकळलीस? बिअर नव्हे, काडेचिराईत केलंस तू. आणि वर विचारतोस, ‘किट खराब निघालं का?’ किटचा काही दोष नाही बाबा.

तुझ्या त्या 1.7 किलोच्या डब्यात जो काळा चिकट पाक असतो, त्यात हॉप्सचा कडूपणा आधीच घातलेला असतो. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि कडू होतात. ते काम कारखान्यात उरकलेलं असतं. गॅलक्सीत ही आम्लं 13-14 टक्क्यांच्या घरात, कॅस्केड जातीत त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. म्हणजे आधीच कडू असलेल्या 23 लिटरमध्ये तू वर भरमसाट कडू ओतलंस, आणि ज्या वासासाठी पैसे मोजलेस तो वाफेबरोबर स्वयंपाकघरभर गेला. घर मात्र छान घमघमलं असेल!

आई चहा कसा करायची आठव. आलं पाण्याबरोबर उकळायचं, पण गवती चहा गॅस बंद करता करता टाकायचा आणि वर झाकण. हॉप्सचंही तसंच. कडूपणा हवा तर उकळायचं, वास हवा तर मुरू द्यायचं. किटवर बिअर करणाऱ्याला फक्त वास हवा असतो.

पुढच्या वेळी 20 ग्रॅम कॅस्केड घे. तुझ्याकडे कॉफीचं ते दांड्याचं भांडं आहे ना, ते स्वच्छ धू, त्यात हॉप्स टाक आणि उकळून जरा निवलेलं पाणी ओत. पंधरा मिनिटं झाकून ठेव, दांडा दाब आणि तो अर्क किटच्या पाकाबरोबर पिंपात जाऊ दे. हा झाला चहा.

दुसरा प्रकार कोरड्या हॉप्सचा, आणि त्यात मी स्वतः शेण खाल्लंय. मी तिकडे होतो तेव्हाची गोष्ट. पाचव्या-सहाव्या दिवशी पिंपातला फेस बसला की हॉप्सच्या गोळ्या तशाच टाकायच्या आणि तीन-चार दिवसांत बाटल्या भरायच्या. मी टाकल्या, सिडनीला गेलो आणि दोन आठवड्यांनी उगवलो. पहिला घोट घेतला तर फ्रीजमध्ये विसरलेल्या मेथीच्या जुडीचा वास! चाळीसेक बाटल्या. पाहुण्यांना ‘हर्बल’ म्हणून पाजल्या.

त्याच्या आदल्या खेपेला उलटी घाई केली होती. हॉप्स टाकून दोन दिवसांत बाटल्या भरल्या. मला तेव्हा पत्ताच नव्हता की हॉप्समध्ये विकरं (एन्झाइम) असतात, ती बिअरमधली उरलीसुरली जड साखर फोडतात आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागून बंद बाटलीत गॅस करतं. रात्री दीड वाजता गॅरेजमध्ये बाटल्यांचे फटाके. सकाळी भिंतीवर हिरवट शिंतोडे आणि माझ्या सायकलच्या सीटमध्ये काचेचा एक इंचभर तुकडा रुतलेला. तेव्हा हॉप्स टाकल्यावर उरलेल्या साखरेचा अंदाज देणारा हायड्रोमीटर बघच. लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला तरच बाटल्या, आणि शक्यतो प्लास्टिकच्या. तपकिरीच घे. हिरव्या काचेतून ऊन गेलं की हॉप्सचा कडूपणा बिघडून घाण वास मारतो.

गंमत बघ, पेल एल ही बिअर इंग्लंडहून आपल्याकडे जहाजानं यायची तेव्हाही पिंपात वरून हॉप्स टाकत. आता कोथरूडचा पोरगा तिकडे जाऊन तेच करतोय.

एक अगदी महत्त्वाचं. वापरलेला चोथा कंपोस्टमध्ये टाकलास असं लिहिलंयस. शेरूला त्याच्या आसपास फिरकू देऊ नकोस! हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, ताप चढून जीव जाऊ शकतो. हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तेवढं झाकून ये.

माझं म्हणशील तर हात शिवशिवतात, पण इथे घरी बिअर करायची सोय नाही. 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो. 2009 मध्ये डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाली तेव्हापासून पुण्यात ताजी बिअर मिळते, तीच पितो आणि नाक खुपसून कुठले हॉप्स असतील ते ओळखायचा प्रयत्न करतो. तुझी वहिनी म्हणते, ‘अहो, प्या आता, लोक बघतायत.’

पुढच्या खेपेला सगळं एकदम बदलू नकोस. तोच डबा, तेच यीस्ट. पिंपं मात्र दोन कर, अर्धं-अर्धं. एकात चहा, दुसऱ्यात कोरडे हॉप्स. डिसेंबरात येशील तेव्हा दोन्हींतली एकेक बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून आण. वर अ आणि ब एवढंच लिही. कुठली कशाची ते मला सांगायचं नाही. पैज लागली, हरणाऱ्यानं मिसळ द्यायची.

तुझा,
शिऱ्या

ता. क. ती कडू बिअर ओतून देऊ नकोस. चार-सहा महिने काळोखात राहू दे, कडूपणा थोडा उतरतो. नाहीच उतरला तर तुझ्या मेव्हण्याला पाज.