जनुक सगळीकडे तेच, मग दिशा कशाने ठरते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत फळमाशीच्या वाढीवर आलेला लेख मन लावून लिहिलेला होता. पण 'डोके कुठे आणि शेपूट कुठे हे जनुकांत लिहिलेले असते' हे त्यातले वाक्य तसेच सोडून देण्याजोगे नाही. माशीच्या एका पंखात सुमारे ३०,००० पेशी असतात आणि सगळ्यांत जनुकांचा संच एकच. नुसत्या त्या संचावरून आपली पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे पेशीला कळूच शकत नाही. जनुकापासून तयार झालेला आरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनते) किंवा प्रथिन पेशीच्या कोणत्या टोकाला जाऊन बसते, यावर दिशा ठरते. नववीतल्या मुलांनाही हे समजते, आणि चुकीचे एकदा डोक्यात बसले की बारावीत ते काढताना नाकी नऊ येतात.

सुरुवात माशीच्या पोटात अंडे तयार होत असतानाच होते. बायकॉइड जनुकाचा आरएनए अंड्याच्या पुढच्या टोकाला साठतो, ऑस्करचा मागच्या. ऑस्करचा आरएनए कायनेसिन हे वाहक प्रथिन सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांसारख्या बारीक नळ्यांवरून, नेते, आणि मागच्या टोकाला असलेले पार-१ हे प्रथिन या नलिकांची मांडणी नीट ठेवते. पार-१ बिघडले तर ऑस्कर अंड्याच्या मध्यातच गोळा होतो. १९९२ साली अ‍ॅन एफ्रुसी आणि रूथ लेहमन यांनी ऑस्करच्या आरएनएचे शेवटचे टोक काढून त्या जागी बायकॉइडचे टोक जोडले. या टोकात प्रथिनाची माहिती नसते, त्यामुळे प्रथिन तेच राहिले. बदलली ती फक्त साठण्याची जागा. गर्भाला पुढे डोक्याऐवजी दुसरे उदर आले, तेही उलट्या तोंडाचे. एरवी फक्त मागे होणाऱ्या ध्रुवपेशी, ज्यांतून पुढे अंडी आणि शुक्राणू होतात, त्या पुढच्या टोकालाही झाल्या. हा एक प्रयोग लेखात यायलाच हवा होता.

आरएनएचे ते टोकही जनुकातूनच येते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण 'पुढे' आणि 'मागे' हे त्या टोकात नसते. अंड्यातल्या नलिकांची दिशा आधी ठरलेली असावी लागते. ती ठरते अंड्याला वेढणाऱ्या पुटकपेशींशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून. अंड्याकडून गुर्केन या प्रथिनाचा संदेश जातो, मागच्या पुटकपेशी उलट संदेश पाठवतात आणि मग नलिकांची मांडणी पालटते.

पंखात हे आणखी स्पष्ट दिसते. कोशावस्थेत प्रत्येक पेशीतून एकच केस निघतो आणि तो पंखाच्या टोकाकडे रोखलेला असतो. त्याआधी फ्रिझल्ड हे प्रथिन पेशीच्या, पंखाच्या टोकाकडच्या कडेला जमते, व्हॅन गॉग हे दुसरे प्रथिन पंखाच्या मुळाकडच्या कडेला. त्यामुळे दोन पेशींच्या सीमेवर एकीचे फ्रिझल्ड दुसरीच्या व्हॅन गॉगसमोर येते, आणि फ्लेमिंगो हे तिसरे प्रथिन दोन्ही बाजूंनी ही जोडी धरून ठेवते. पेशीच्या आत फ्रिझल्डला डिशेव्हल्ड आणि व्हॅन गॉगला प्रिकल हे प्रथिन जाऊन मिळते. हे दोन गट एकमेकांना आपल्या कडेवर टिकू देत नाहीत, म्हणून सुरुवातीचा किरकोळ फरक वाढत वाढत पक्का होतो. फ्रिझल्ड नसेल तर केस कडेऐवजी पेशीच्या मध्यातून निघतो आणि पंखावर भोवरे पडतात. पण खरा पुरावा शेजाऱ्यांचा आहे. पंखात फ्रिझल्ड नसलेल्या पेशींचा एक लहानसा पुंजका तयार केला, तर त्याच्या पलीकडच्या, म्हणजे टोकाकडच्या धडधाकट पेशींचे केसही उलटे फिरून पुंजक्याकडे वळतात. त्यांचे स्वतःचे जनुक शाबूत असते, तरीही. सस्तन प्राण्यांत चेतानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) नीट मिटण्यासाठी आणि आतल्या कानातल्या केसपेशी एका दिशेला लागण्यासाठी याच घराण्यातली जनुके लागतात.

बडोद्यातल्या कोणत्याही शाळेला हे मुलांना दाखवता येईल. बरणीत पिकल्या केळ्याचा तुकडा आणि चिमूटभर यीस्ट घालावे, तोंडाशी कागदाचा शंकू बसवावा. एक-दोन दिवसांत चिलटे, म्हणजेच फळमाश्या, सापडतात. बरणी काही मिनिटे बर्फात ठेवली की ती सुस्त होतात. पंख अगदी मुळापाशी बारीक चिमट्याने धरून काढावा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावा, स्लाइडवर ग्लिसरीनच्या थेंबात पसरावा आणि कव्हरस्लिप तिरपी टेकवून हळू सोडावी. अल्कोहोल टाळले तर केसांत हवा अडकते आणि काळ्या कडांच्या बुडबुड्यांखाली काहीच दिसत नाही. ४०च्या भिंगातून पाहताना बहुतेकांचा एका ठिकाणी गोंधळ होतो: पंखाला दोन थर असतात आणि दोन्हींवर केस असतात. फोकस मध्ये कुठेतरी राहिला तर केस दाटीवाटीने, एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात. बारीक स्क्रू फिरवून एकच थर स्पष्ट करावा. पंखाच्या पुढच्या कडेचे जाड, राठ केस हिशेबात धरू नयेत. ती ज्ञानेंद्रिये असून एकेक इंद्रिय अनेक पेशींनी मिळून बनते. कोशातून नुकतीच निघालेली फिकट माशीही घेऊ नये, तिचा मऊ पंख चुरगळतो. कोशातून निघालेल्या माशीने पंख पसरल्यावर थोड्याच वेळात त्यातल्या पेशी मरतात, म्हणून भिंगाखाली दिसते ते त्यांचे मागे उरलेले कवच. प्रत्येक केस एका पेशीची खूण. केळ्यावरच्या माशीत भोवरे मिळणार नाहीत, सारे केस एका दिशेला दिसतील.

माश्या वाढवायच्या असतील तर २५ अंश तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात, १८ अंशांना जवळपास दुप्पट. तापमान ३० अंशांच्या आसपास राहिले की नर वांझ होऊ लागतात. त्यामुळे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये थंड खोलीशिवाय बरण्या टिकत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे सत्र यासाठी ठीक.

कळावे,
प्राणिशास्त्राचे दोन शिक्षक,
दांडिया बाजार, बडोदे